तेरा नंबरची रेघ

तेरा नंबरच्या टर्मिनलमधला बिघाड सोमवारी सकाळी बाहेर पडला आणि सोनटक्के बाईंच्या अंगात जाऊन बसला. टर्मिनल झकास चालू झालं. बाई मात्र आपल्या खुर्चीच्या जागी, टेबलाच्या उंचीवर, एक आडवी हिरवी रेघ होऊन राहिल्या.

सिंधू टिपरे तेव्हा टर्मिनलच्या मागे वाकलेली होती. पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीतली सगळी टर्मिनल्स दुरुस्त ठेवायचं काम तिच्याकडे होतं. जुनी टर्मिनल्स, फुगीर काचेची जड खोकी, काळ्यावर हिरवी अक्षरं उमटवणारी. नवी घ्यायची कुणाची तयारी नव्हती आणि जुन्यांना सुटे भाग द्यायचीही नव्हती. तेरा नंबरचं चित्र उभं राहत नव्हतं. सगळी अक्षरं चेपून पडद्याच्या मधोमध एकच रेघ यायची. असं झालं की कचेरीतली माणसं खोक्याच्या कुशीत सणसणीत थाप मारायची, आणि अक्षरं तेवढ्यापुरती उभी राहायची. आत माझा हात असताना थाप मारू नका, हे सांगून सांगून सिंधूच्या तोंडाला फेस आला होता. सोनटक्के बाईंनी मारलीच. एक हात स्वतःच्या गुडघ्यावर, दुसऱ्याने थाप. बिघाड थापेबरोबर त्या हातातून वर गेला आणि गुडघ्यावरच्या हातातून त्यांच्याच अंगात उतरला.

"सिंधू, मी दिसतेय का गं?" रेघेतून बाईंचा आवाज आला. आवाज ठणठणीत होता. आवाजाचा भाग वेगळा असतो.

"एक रेघ दिसतेय, बाई."

"वर की खाली?"

"मधोमध."

"म्हणजे उभा भाग गेला," बाई म्हणाल्या. इतकी वर्षं टर्मिनलसमोर काढल्यावर एवढं कळतंच. "आणि मी घरी मटकी भिजत घालून आलेय."

सिंधूने पहिल्यांदा खिडक्या गाठल्या. टर्मिनलवर अशी रेघ आली की कुणीही जाणता माणूस आधी उजेडाचं बटण खाली आणतो, मगच पेचकस हातात घेतो. सगळ्या पडद्याचा उजेड एका रेघेत गोळा झालेला असतो. तसाच राहू दिला तर तो काचेला आतून जाळतो. सात नंबरचं तसंच झालं होतं. पुढे ते दुरुस्त झालं, पण प्रत्येक मजकुराच्या मधून ती जळकी रेघ आजही जाते आणि जन्मभर जाणार. बाईंना बटण नव्हतं. खोलीत उजेड असेल तेवढी त्यांची रेघ तापत होती. सिंधूने सामानाची जुनी पुठ्ठ्याची खोकी फाडली आणि प्रत्येक खिडकीवर पुठ्ठा ठोकला.

तेवढ्यात अधीक्षक पानवलकर साहेब आले. त्यांनी तेरा नंबरकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"चालू झालं की हो, टिपरे!"

"साहेब, बाई बंद पडल्यात."

"टर्मिनल चालू आहे ना?"

"आहे, पण ते चालू आहे म्हणूनच बाई..."

"तक्रार टर्मिनलची होती. बाईंबद्दल माझ्याकडे कधीच तक्रार नव्हती."

"मला बिघाड परत टर्मिनलमध्ये घालू द्या. मग मी तो आतच पकडते."

"चालू मशीन बिघडवायचं? बुधवारी तपासणी आहे, तुम्हाला माहीत आहे ना?" साहेब म्हणाले. आणि टिपरे काहीतरी उद्योग करून ठेवणार हे ओळखून त्यांनी मेन स्विच खाली ओढला, त्याच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या पट्ट्याला अडकवली. "तपासणीपर्यंत सगळी टर्मिनल्स बंद. बंद असली की बिघडत नाहीत."

सिंधूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माणूस रेघ झाला तरी चालतं, आणि खोकं दुरुस्त आहे म्हणून ते वापरायचंही नाही! हे तिने साहेबांना तोंडावर सुनावलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुठ्ठे कुणाला विचारून लावले?"

मग तिने हाताला लागेल ते करून पाहिलं. एक हात एखाद्या वस्तूवर ठेवायचा, दुसऱ्याने रेघेवर थाप मारायची. पण बिघाड चालू असलेल्या वस्तूतच जातो. पंखा बंद होता. भिंतीवरचं घड्याळ कित्येक वर्षांपूर्वीच थांबलेलं. तेरा नंबर तर साहेबांनीच बंद केलेलं. शेवटी ती साहेबांच्या केबिनपाशी गेली, "साहेब, बाईंची रेघ सरळ आहे का बघता?" म्हणून त्यांना टेबलाशी आणलं, आणि ते वाकल्यावर एक हात त्यांच्या खांद्यावर टेकवून दुसऱ्याने थाप मारली. बिघाड ढिम्म हलला नाही.

"सरळ आहे," साहेब म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

मंगळवारी कचेरीला रेघेची सवय झाली होती. कुणी तिच्यावर छत्री अडकवली. कुणी ओला रुमाल वाळत घातला. सिंधूने तो ओढून काढला आणि ज्याचा होता त्याच्या टेबलावर आपटला.

"राहू दे गं," बाई म्हणाल्या. "मला त्याचं वजन लागत नाही."

"का राहू दे? तुम्ही काय दोरी आहात?"

"उगीच साहेबांशी वाकडं नको. मी आजवर त्यांना कशाला नाही म्हटलेलं नाही."

"म्हणून तर रुमाल पडतायत अंगावर!" सिंधू ओरडली. रेघ थोडी थरथरली आणि सिंधूला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. राग मात्र उतरला नाही.

बुधवारी तपासणीची गाडी फाटकाशी आली तसे साहेब लगबगीने खोलीत शिरले. "अंधारात कधी तपासणी होते का?" असं म्हणून त्यांनी पहिल्या खिडकीचा पुठ्ठा उचकटला. उन्हाचा पट्टा आत पडला. बाईंची रेघ हिरव्याची पांढरी झाली. धूळ जळल्याचा वास सुटला.

"सिंधू, चटका बसतोय गं," बाई म्हणाल्या.

"साहेब, थांबा! जळतील त्या!"

"दोन माणसं जिना चढतायत, टिपरे," साहेब म्हणाले आणि दुसऱ्या पुठ्ठ्याला हात घातला.

खोलीत चालू असलेलं असं एकच काही उरलं होतं. सिंधूने डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि उजव्याने रेघेवर सगळा राग काढावा तशी थाप मारली.

सोनटक्के बाई उभ्या राहिल्या. पदराची पिन जागेवर होती, केस जागेवर होते, फक्त पोटावरून पातळावर एक तपकिरी डाग आडवा गेला होता. त्या डोळे मिचकावत होत्या.

सिंधूला हे सगळं दिसलं ते क्षणभरच. मग वरचं आणि खालचं दोन्ही मिटत आलं आणि टेबलाच्या उंचीवरचं तेवढंच उरलं. साहेबांचा पट्टा. पट्ट्याला अडकवलेली किल्ली. तेरा नंबरची कूस. बाईंचं कोपर.

"बाई, साहेब आता स्विचची पेटी उघडतील," सिंधू म्हणाली. "मेन आला की एक हात तेरा नंबरवर, आणि दुसऱ्याने मला. चांगली जोरात."

"हो गं," बाई म्हणाल्या.

किल्ली पट्ट्यावरून निघाली. कुठेतरी खटका वाजला. तेरा नंबर गुणगुणायला लागलं. बुटांचे आवाज दारापर्यंत आले आणि थांबले, आणि सिंधूच्या डाव्या बाजूचा शेवटचा पुठ्ठा भिंतीपासून सुटला.

"टिपरे कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं. "आणि बाई, ते चालू आहे. त्याला हात लावायचा नाही."

बाईंचा हात सिंधूला दिसत होता. तो तेरा नंबरच्या कुशीपाशी येऊन थांबला होता, अंगठी खोक्याला लागत होती.

"बाई, मी काय सांगतोय?"

"ऐकतेय, साहेब."

उन्हाची कड टेबलावरून सरकत आली आणि सिंधूच्या डाव्या टोकाला लागली. धुळीचा वास आला. बाईंचा एक हात तेरा नंबरवर टेकला होता. दुसरा वर गेला होता, आणि तेवढ्या उंचीवरचं सिंधूला काही दिसत नव्हतं.