आधी नऊ दाबायचा

ताईने मनाशी पक्कं ठरवलं होतं: धाकटीला ऑपरेशनला आत नेण्याआधी तिच्याशी बोलायचंच. आई गेली तेव्हा धाकटी परदेशातून आली नाही, म्हणून ताईने अबोला धरला, आणि ताईचा अबोला म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण आज तिचं हृदय उघडणार आहेत असं सकाळी भावाने सांगितलं, आणि ती रेघ पार पुसून गेली.

भावाने नंबर दिला, वर बजावलंही. "आधी दोन शून्यं, मग त्या देशाचा कोड, मग तिचा नंबर."

ताईने चष्मा चढवून घरच्या फोनवर आकडे दाबले. पलीकडे एक म्हातारा खेकसला, "राँग नंबर." पुन्हा लावला, पुन्हा तोच. पुढच्या खेपेला तर त्याने तिची अक्कलच काढली. दुसरी कुणी रडत बसली असती. ताईने ओठ आवळून परत लावला. बोलेना का, बोलण्याने काही अंगाला भोकं पडत नाहीत.

"बाई, तुम्हाला फोन लावायचाय तरी कुठे?" म्हातारा थकून म्हणाला.

"बहिणीला, परदेशात. तिला आता ऑपरेशनला नेतील हो."

"काय काय दाबता, सांगा बघू."

"नऊ. मग दोन शून्यं..."

"थांबा. नऊ कशाला?"

"बाहेरची लाइन मिळायला."

"घरच्या फोनला?"

ताईने कपाळावर हात मारला. उभा जन्म हॉटेलच्या लाँड्रीत गेला. तिथे आधी नऊ दाबल्याशिवाय बाहेर फोनच लागत नसे. नोकरी संपली तरी बोटाची खोड गेली नव्हती. म्हाताऱ्याचे उपकार मानून तिने फोन ठेवला. मग उजवा हात मांडीखाली दाबून ती बसली आणि डाव्या हाताने सावकाश नंबर लावला.

"मी बोलतेय," ती म्हणाली.

"ताई? अगं, मी सकाळपासून तुला लावतेय. तुझा फोन सारखा एंगेज."

ताईला रडायला वेळ कुठे होता. "चुकलं माझं. आई तुझीपण गेली होती."

पलीकडून हुंदका आला. "ताई, न्यायला आलेत मला."

"जा. घाबरू नकोस. संध्याकाळी मीच लावते. आता येतो मला."

फोन ठेवून ताईने मांडीखालचा हात काढला. त्याला चांगल्याच मुंग्या आल्या होत्या.