चढायला उंच

"मॅडम, एक सांगू का? बुकिंगच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा गाडीत बसवून बघा. गाडी सगळ्यांना आवडते, पण चढता सगळ्यांना येत नाही."

शोरूममधली भाग्यश्री हे म्हणाली तेव्हा हर्षलाने वहीतून मानसुद्धा वर केली नाही. "आमच्या आई कुठे फारशा बाहेर पडतात?" एवढं म्हणून तिने पुढचा प्रश्न विचारला, "मागच्या सीटला बेबी सीट अडकवायचे हूक दोन्ही बाजूंना आहेत ना?"

तिला वाटलं, पोरगी हुशार आहे. ठेंगण्या गाड्यांचा साठा पडून असेल, म्हणून आपल्याला तिकडे वळवतेय.

गाडीची निकड हर्षलालाच जास्त होती. गेल्या श्रावणात तीन वर्षांच्या समिधाला तापात आकडी आली. दहिवलीच्या घरातून नवरा-बायको मोटारसायकलवर निघाले, पोर दोघांच्या मधे. रस्त्यावर पाणी भरलेलं, त्यात मोटारसायकल बंद पडली. साईराज ती ढकलत राहिला आणि हर्षला डोळे पांढरे केलेल्या लेकीला खांद्यावर टाकून गुडघाभर पाण्यातून चालत सुटली. डॉक्टर म्हणाले, अशा आकड्या लहानपणी येतात, मोठेपणी जातात. पण ते चालणं हर्षलाच्या अंगातून गेलं नाही. घरात सगळे हसत असले तरी ती पोरीच्या छातीकडे बघत असायची, वर-खाली होतेय ना म्हणून.

तेव्हा गाडी घ्यायचं ठरलं आणि बीएस्सी झालेल्या हर्षलाने वही काढली. आडव्या-उभ्या रेघा मारल्या. तीन गाड्या, पांढरी, लाल आणि राखाडी. एअरबॅग किती, ब्रेक कसे, धडकेच्या चाचणीत तारे किती, मुलांच्या सीटची सोय, डिकी, मायलेज, सर्व्हिस सेंटर किती लांब. जमिनीपासून गाडी किती उंच, या ओळीला तिने लाल शाईने दोनदा अधोरेखित केलं होतं. पाण्यात पुन्हा अडकायचं नव्हतं.

"बाई, गाडी घेतोय की प्रॅक्टिकलचं जर्नल भरतोय?" साईराज चिडवायचा.

धाकटा दीर देवेश नेरळजवळच्या कारखान्यात कामाला. त्याला एकच गोष्ट हवी होती. "वहिनी, सनरूफ नसेल तर गाडी घेतली हे लोकांना कळायचं कसं?"

"टेंपोत उभा राहून ओरड. फुकटात होईल."

सासूबाई, सोनुबाई, दारात नातीला भरवत ऐकत बसायच्या. "तुमी घ्या रं कुठली बी. मला काय कळतंय त्यातलं? माझ्या समूला सुखाची असली म्हंजे झालं."

पांढरी सव्वा लाखाने स्वस्त होती, बसायला खुर्चीसारखी, पण पोटाशी ठेंगणी आणि एअरबॅग दोनच. लालचं सर्व्हिस सेंटर लांब. राखाडी सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत उंच. हर्षलाने राखाडीचा हट्ट धरला आणि ती बजेटात बसावी म्हणून एकेक गोष्ट उतरवत गेली. सनरूफ गेलं. चकचकीत चाकं गेली. दाराखाली पाय ठेवायला लांब पायरी मिळत होती, अकरा हजारांची. "ती दिसण्यापुरतीच असते," साईराज म्हणाला आणि हर्षलाने तिच्यावरही काट मारली. बुकिंगच्या त्या दिवशी सोनुबाई घरी होत्या. समिधाला सांभाळायला कोणीतरी हवंच होतं.

दसऱ्याला गाडी दारात आली. सोनुबाईंनीच ओवाळलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. "आई, बस. एक चक्कर मारून येऊ," साईराज म्हणाला. त्यांनी पदर खोचला, दाराची कड धरली, डावा पाय उचलला. तो निम्म्यात अडला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली आला.

शेजारचे मालोजीकाका फाटकातून ओरडले, "सोनुवयनी, शिडी आणू का? माडावर चढायची हाय माझ्याकडं!"

आळी हसली. सोनुबाई सगळ्यांत जास्त हसल्या. "ऱ्हाऊ द्या भावोजी. चिखलात रुतायची सवय या पायांना. हवेत कुठं चढतायत?"

हर्षलाही हसली. खरं तर तिचं लक्षच नव्हतं. समिधाच्या खांद्यावर पट्टा काचतोय का, हे ती बघत होती.

त्यानंतर सोनुबाईंना दर वेळी काहीतरी निघू लागलं. आज गुडघा धरलाय. आज पापड वाळत घातलेत. आज कोण येणार हाय. पूर्वी त्या महिन्याला एकदा रिक्षाने कर्जतला साखर तपासायला जायच्या, येताना बाजारात दोन घटका टेकायच्या. तेही थांबलं. हर्षलाने एकदा विचारलं तर म्हणाल्या, "दारात येवढी गाडी उभी असताना सासू रिक्षात बसली, तर लोक कोणाला नावं ठेवतील गं? तुलाच ना? मग?" आणि गाडीत त्यांना चढता येत नव्हतं. तेव्हा त्या घरीच राहिल्या. घरातल्यांना ते सोयीचं होतं, म्हणून कोणी फार खोदून विचारलं नाही.

पण प्रियाच्या साखरपुड्याला त्या जाणारच होत्या. प्रिया त्यांच्या भावाची मुलगी, आई गेल्यावर चार वर्षं याच घरात वाढलेली. साखरपुडा खालापूरला, हॉलमध्ये. आठवडाभर आधी त्यांनी जांभळं लुगडं उन्हात घातलं. दोन दिवस त्या मागच्या दारी धुण्याच्या दगडावर एकेक पाय टाकून बघत होत्या. हर्षलाने पाहिलं तशा म्हणाल्या, "टाच घासतेय."

आणि तो दिवस उजाडला. नाश्ता-जेवण सगळं तिकडेच, म्हणून घरात चूल पेटली नव्हती. रात्रीचा उरलेला भात सकाळीच मालोजीकाकांच्या कोंबड्यांना गेला. सोनुबाईंना सकाळी खाण्याआधी इन्सुलिन लागायचं आणि ते हर्षलाच द्यायची. सव्वादहाला तिने सुई भरली. "तिकडे गर्दीत कुठे सुई काढत बसायचं? इथेच देते. अर्ध्या-पाऊण तासात पोचतो, पोचल्या पोचल्या तुम्ही खाऊन घ्या."

"दे बाय. आज मला कायबी चालतंय," सोनुबाई म्हणाल्या. केसात अबोलीचा गजरा होता.

साईराजने दारापाशी पाट ठेवला. सोनुबाईंनी त्यावर उजवा पाय ठेवला, डावा गाडीत टाकला. आत गेला तो! हर्षलाने मागून कमरेला हात दिला. आणि तेवढ्यात पाट तिरका झाला, वरची मूठ सुटली आणि सोनुबाई पाटावर धपकन बसल्या. लुगड्याच्या काठाला माती लागली.

"आई, जरा जोर लाव ना!" साईराज घड्याळाकडे बघत ओरडला. "साडेदहा इथेच वाजले. तिकडे सगळे वाट बघतायत."

सोनुबाई उठल्या, काठ झटकला. मग हसून म्हणाल्या, "जावा तुमी. प्रियाला सांगा, आत्या मागून येती. मालोजीभावोजींचा टेंपो हाय ना, त्यात येते. टेंपोला मागं फळी लावतात, मला सवय हाय."

"नक्की ना आई?" हर्षलाने विचारलं.

"नक्की गं. पोर ताटकळतीय आत, जा."

समिधा खरंच रडत होती. हर्षला गाडीत चढली. दार लागलं, काच वर गेली.

हॉलमध्ये पाहुण्यांची रीघ. प्रियाने पहिलाच प्रश्न विचारला, "आत्या कुठाय?" "येतेय, टेंपोतून," हर्षला म्हणाली. समिधाला उपमा भरवला, आहेर मांडला. बारा वाजायला दहा मिनिटं असताना दाराशी गलका झाला. टेंपो आला होता. अख्खी आळी उतरली, बायका, पोरं, सगळ्यात शेवटी मालोजीकाका टोपी सारखी करत. हर्षला टेंपोच्या मागे जाऊन उभी राहिली. फळी काढून झाली.

"काका, आई?"

"वयनी? ती तुमच्या गाडीतनं ना आली? आमी तर साडेनवालाच निगालो. वाटेत चाक बसलं म्हणून येवढा येळ."

"साडेनऊला?"

"मग? आळीत आता कुत्रंसुदीक नसंल."

म्हणजे आईंनी टेंपो गेलेला पाहिला होता. माहीत असून त्या बोलल्या होत्या. सव्वादहाची सुई, आता बारा, आणि पोटात कालच्या रात्रीपासून काही नाही. रागावल्या किंवा हिरमुसल्या की त्या जेवत नसत, भिंतीकडे तोंड करून पडून राहत. बिस्किटांचे दोन पुडे होते घरात, तेही समिधासाठी हर्षलानेच पिशवीत टाकले होते. साखर अशी दोनदा उतरली होती त्यांची याआधी. घामाने अंथरूण भिजलेलं, शब्द तोंडातल्या तोंडात, आणि दुसऱ्या वेळी तर साईराजला "तू कोणाचा रं?" असं विचारलं होतं.

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

"अहो, चला! आत्ताच्या आत्ता चला!"

"अंगठ्या व्हायच्यात अजून..."

"आईंना सुई दिलीय मी! त्या उपाशी आहेत, घरात एकट्या!"

साईराजच्या हातातला पेढा खाली पडला. समिधाला प्रियाच्या काकूकडे सोपवून दोघं पळाले. इतक्या महिन्यांत हर्षला पहिल्यांदाच पोरीला सोडून त्या गाडीत बसत होती.

"सुई दिलीस तेव्हा मला सांगायचं नाही?" गाडी रस्त्याला लागताच तो म्हणाला.

"आणि तुम्ही आईंवर ओरडून 'जोर लाव' म्हणालात, तेव्हा?"

साईराजने गाडीचा वेग वाढवला. तिने पट्टा लावला नव्हता म्हणून गाडी टुंगटुंग वाजत होती. तिला ते ऐकूच येत नव्हतं. ती फोन लावत होती. देवेश शिफ्टला, त्याचा मोबाईल कारखान्याच्या गेटवर जमा. बाकी आळीत ज्याचं नाव आठवावं तो मागे हॉलमध्ये अक्षता हातात घेऊन उभा. रुग्णवाहिकेचा नंबर लागला. पलीकडच्या बाईने शांतपणे पत्ता लिहून घेतला. जवळची गाडी अपघाताला गेलीय, दुसरी लांबून निघतेय, म्हणाली. "पेशंटजवळ कोणी आहे का?"

"नाही," हर्षला म्हणाली. तो शब्द तिला स्वतःला ऐकू आला.

चौक गाव ओलांडलं आणि वळणावर गाडी थांबली. पुढे कंटेनर आडवा झाला होता. दोन्ही बाजूंना गाड्या, मोटारसायकलींनाही फट नाही. साईराज उतरून धावत पुढे गेला, धावत परत आला. "क्रेन येतेय म्हणतात. तास तरी." तो घामाने निथळत होता. "मी पलीकडे जाऊन कोणाची तरी बाईक मागतो. तू फोन लावत राहा." आणि तो गाड्यांच्या मधून अंग चोरत दिसेनासा झाला.

साडेबारा वाजून गेले होते. सासूबाईंच्या फोनची घंटी वाजून वाजून बंद पडत होती. हर्षलाला एकदा वाटलं, उचलला. पण ती मोबाईल कंपनीची बाई होती, इंग्रजीत बोलणारी.

मग तिला फोनवरचा तो मोठा ग्रुप आठवला. कर्जतच्या आसपासची हजारभर माणसं, रक्त हवंय, पाकीट सापडलंय, लाइट कधी येणार, असलं सगळं त्यावर यायचं. ती कधी उघडायची नाही. ओळखीचं एकही नाव नव्हतं. तिने उघडला आणि लिहायला लागली. चुका दुरुस्त करायला थांबली नाही.

"हे जो कोणी वाचत असेल त्याला हात जोडून विनंती. तुम्ही मला ओळखत नाही. मी हर्षला, दहिवलीची. पाण्याच्या टाकीमागे निळं फाटक आहे, दारात तुळस. घरात माझ्या सासूबाई एकट्या आहेत, सोनुबाई, वय सदुसष्ट, जांभळं लुगडं. सकाळी इन्सुलिन घेतलंय आणि काही खाल्लेलं नाही. फोन उचलत नाहीत. फाटकाला नुसती कडी आहे. पुढचं दार आतून लावलं असेल तर मागचं ढकला, ते उघडतं. जाग्या असतील तर साखरपाणी द्या, नको म्हणतील, ऐकू नका. जाग्या नसतील तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि जी गाडी मिळेल तिने दवाखान्यात न्या. रिक्षा चालेल. टेंपो चालेल. आम्ही चौकच्या पुढे अडकलोय, येतोय. तुम्ही जवळ असाल तर आत्ता जा. कोणी जात असेल असं समजून थांबू नका. तुम्हीच जा आणि त्या कशा आहेत ते मला कळवा."