पिवळी टोकं

आप्पांना आपल्या हार्डवेअरच्या दुकानात नट-बोल्ट निवडायला डोळे लागत नसत. नटावर ताकदीचा आकडा उठवलेला असतो. नख फिरवलं की आठाचा की दहाचा ते कळायचं. दमट जागेसाठी जाड जस्ताच्या थराचा, घरातल्या कामाला साधा चकचकीत, हेही बोटंच सांगायची. अंगभर आटे पाडलेल्या पोलादी गजांचं मात्र तसं नाही. कणखर गज आणि साधा गज सारखेच चकाकतात. कणखर गजाच्या टोकाला पिवळा रंग असतो, तेवढीच त्याची ओळख.

गेल्या आठवड्यात दोन जुड्यांचा घोळ झाला. रंग उडालाय की आपल्याला दिसत नाही, तेच आप्पांना कळेना. लेकीला विचारलं असतं तर भागलं असतं. पण ती वर्षभर मागे लागली होती, "डोळे दाखवा, दुकान माझ्यावर सोडा." तिला विचारायचं म्हणजे आपल्या हातानं किल्ली द्यायची. मग या मानी माणसानं अंदाजानं एक जुडी उचलली आणि टोकं छान पिवळी रंगवून ठेवली.

आज सकाळी लेक त्यातलेच आठ गज घेऊन गेली. ती स्वतः फिटर. नाट्यगृहाच्या छताखाली त्या गजांवर कामगारांना उभं राहायची फळी टांगायची होती, आणि भार बघायला पहिली तीच चढणार होती.

दुपारी आप्पा दुसऱ्या जुडीतला गज कापायला बसले. करवत नुसती घसरत होती. साधा गज तर करवतीला लगेच दाद देतो. म्हणजे कणखर जुडी ही होती, आणि रंगवलेली साधी.

दुकान उघडं टाकून ते निघाले. वाटेत मनानं सबबी रचल्या: माल खराब आला म्हणू, जुडी चुकली म्हणू. नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावर पोचले तेव्हा लेकीचा पाय शिडीवर होता.

"चढू नकोस!"

"बाबा? अहो, धापा काय टाकताय? काय झालं?"

"ते गज साधे आहेत गं. रंग मी लावला. मला दिसत नाही."

तिनं कानस काढून उरलेल्या तुकड्यावर ओढली. पोलाद भराभर निघालं.  तिनं माणसांना बाजूला केलं, फळी उतरवून घेतली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आप्पांना रडू आवरेना.

"तू वाचलीस, मला सगळं मिळालं. ही घे किल्ली."

तिनं हात पुढे केला नाही. "जुडीत किती गज होते, बाबा?"

"वीस."

"मी आठच नेले."

"बारा सोमवारी पाळणाघराला गेले. झोपाळ्यांसाठी."  पाळणाघराच्या बाईंना छताला झोपाळे टांगायचे होते. त्यांनी मुद्दाम विचारलंही होतं, "मुलं बसणार आहेत, भक्कम आहेत ना?"

"कुठं आहे ते पाळणाघर? बाबा, बोला लवकर!" लेक जिना उतरायलाही लागली होती.

आप्पा तिच्यामागे कठडा धरून धावले. एवढी वाट ते ऊर फुटेस्तोवर धावत आले होते, आणि साऱ्या वाटेत त्यांना फक्त स्वतःचं मूल आठवलं होतं.