मास्तरांचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्याला गाडी चालवायला मिळत नाही, हे दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक. मास्तर सकाळपासून शिकाऊ लोकांच्या शेजारी बसायचे आणि गाडी गोगलगाईसारखी सरकायची. त्यांच्या बाजूला पायाशी एक जादा ब्रेक होता. क्लच नाही, ॲक्सिलरेटर नाही, फक्त ब्रेक. अख्खी हयात त्यावर पाय ठेवून गेली होती.

म्हणून दुपारी जेवण झालं की ते फोन उघडून जुन्या स्पोर्ट्स कारचे व्हिडिओ बघायचे. त्यात पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा शेडमधून लाल टू-सीटर काढायचा आणि घाटात पिटाळायचा. मास्तर इकडे खुर्चीत उसळायचे. "अरे, आत्ताच ब्रेक? वळणाआधीच घाबरतो तो कसला ड्रायव्हर!"

"अहो, तो तुमचं ऐकणार आहे का?" बायको म्हणायची. "घरातला नळ गळतोय, तो तरी ऐका."

पण त्या दिवशी व्हिडिओतही जीव रमेना. लेक ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली होती. ती फिजिओथेरपिस्ट. घरोघर जाऊन उपचार करायची नोकरी चालून आली होती, पण अट एकच, लायसन्स. पुढच्या आठवड्यातली परीक्षा शेवटची, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार. गावभर लोकांना पास करून देणाऱ्या मास्तरांची स्वतःची पोर नापास! दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणणार, आणि म्हणतही होते.

मास्तर तावातावाने परीक्षकाशी भांडायला गेले होते. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, मुलगी गाडी छान चालवते. फक्त थांबवत नाही. समोर कुणी आलं की ब्रेक कुणीतरी लावेल म्हणून वाट बघते."

ते शब्द मास्तरांच्या डोक्यात घणासारखे बसले होते. लेक रडून डोळे सुजवून शेजारी येऊन बसली, तरी त्यांनी फोनवरची नजर काढली नाही. पडद्यावर शंभर वर्षांपूर्वीची शर्यत चालली होती. ड्रायव्हरच्या शेजारी धुळीने माखलेला एक मेकॅनिक बसला होता.

"तो काय करतो?" तिने विचारलं.

"टायर बघतो. मागून कोण येतंय ते सांगतो."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक ड्रायव्हरकडे. त्याच्याकडे कसला ब्रेक!" मास्तर म्हणाले आणि आपलंच बोलणं ऐकून त्यांनी फोन पालथा घातला.

"माझ्या प्रत्येक ब्रेकवर तुमचा पाय आधी पडलाय, बाबा," लेक म्हणाली. "मला कधी लावावाच लागला नाही. उद्यापासून तुम्ही मागे बसा. पुढे आई बसेल. तिच्याकडे लायसन्सही आहे आणि तिला ब्रेकची हौसही नाही."

"शिकवण्याचं काम माझं आहे!" मास्तर कडाडले.

"मग शिकवा ना. मागून शिकवा."

दुसऱ्या दिवशी ते लेकीच्या मागच्या सीटवर बसले, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून. गियर चढला की कण्हायचे, इंडिकेटर लागला की सुस्कारा सोडायचे. बायकोने दोनदा मागे वळून डोळे वटारले. आपल्याच गाडीत आपण सामानासारखे पडलोय, याचा त्यांना मनस्वी संताप येत होता.

बाजाराच्या कोपऱ्यावर खांद्यावर शिडी घेतलेला एक रंगारी न बघताच रस्त्यात उतरला. कच्चकन ब्रेक लागला. बायकोच्या मांडीवरची पिशवी खाली पडली, कांदे सीटखाली घरंगळले, आणि रंगारी आपल्याच नादात पलीकडे निघून गेला.

"आई, तू नाही ना दाबलास?" लेकीने विचारलं.

"मी कशाला दाबू बाई? मी मांडी घालून बसलेय."

"म्हणजे मीच!" लेक हसायला लागली, हसता हसता रडायला लागली.

मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याआधी त्यांच्या एवढंच ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत ही गाडी पहिल्यांदाच त्यांच्यावाचून थांबली होती.

मागून हॉर्न वाजायला लागले. लेकीने डोळे पुसले, पहिला गियर टाकला आणि आरशात बापाकडे पाहिलं.

"बाबा, आता तरी पाय काढा. माझ्या पाठीत रुततोय."