हिरव्या बांगडीचा तुकडा

कारधा गावच्या गोदावरीबाईची वांगी भंडाऱ्याच्या बाजारात हातोहात खपत. त्यामागचं गुपित मात्र तिने गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नव्हतं. नदीच्या पुलापलीकडे भंडाऱ्याची नगरपालिका शहराचा कचरा खड्ड्यांत कुजवून खत करायची, ते ती दोन वर्षं बैलगाडीने आणत होती. आम्ही गावचे शहाणे! शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत घालायच्या आणि वावराला उपाशी ठेवायचं. शहराने खरकट्याचं सोनं केलं होतं.

तिचा नवरा गोमाजी मात्र या खताला नाक मुरडायचा. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात तण निंदताना तिच्या टाचेत बांगडीची काच घुसली, तेव्हा त्याला आयतंच निमित्त मिळालं. ठरलेली एक गाडी तेवढी आणू, त्यानंतर हे खत आलं तर आपण वावरात पायच ठेवणार नाही, असं त्याने बजावलं. खत बंद झालं की वांगीही संपली, हे गोदावरीबाईला पक्कं ठाऊक होतं.

लंगडतच ती बाजारात बसली. मास्तरांच्या घरच्या सत्यभामाबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या घेतील तिथेच त्यांची सगळी गल्ली घेई. पायाला काय झालं, त्यांनी विचारलं. काटा रुतला म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण गोदावरीबाईला खोटं पचत नसे. तिने पदराची गाठ सोडून हिरवा तुकडा पुढे धरला.

"तुमच्याच शहराच्या कचऱ्यातला हाय, बाई. त्याच खतावर हे वांगे होतात."

सत्यभामाबाईंनी हातातली वांगी टोपलीत ठेवली, तुकडा घेतला आणि तडक निघून गेल्या. दुखऱ्या पायावर आपल्याच हाताने धोंडा पाडून घेतला, असं गोदावरीबाईला वाटलं. पुढच्या बाजारालाही ती गल्ली फिरकली नाही.

ठरलेली शेवटची गाडी आणायला गोमाजीच बैल हाकत निघाला, ती मागे बसली. खड्ड्यापाशी फुटक्या काचांनी आणि खिळ्यांनी भरलेले डबे ओळीने ठेवलेले. तिथला मुकादम कौतुकाने सांगू लागला. मास्तरीणबाई एक हिरवा तुकडा घेऊन दारोदार फिरल्या, घरोघरी काचेसाठी वेगळा डबा ठेवायला लावला. तीन गल्ल्या झाल्या, आणि खड्ड्यातलं जुनं खतही आता चाळूनच गाडीत भरत होते. आता नगरपालिका सगळ्या शहरात दवंडी देणार होती. बाईंना बाजाराला यायलाही सवड नव्हती.

गोदावरीबाईला भरून आलं. नदीपल्याडच्या एका बाईच्या टाचेसाठी अख्खी गल्ली हलते, असं तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

वावरात गाडी रिकामी करून गोमाजीने खत ओंजळीओंजळीने चाळून पाहिलं. काचेचा कणही हाताला लागला नाही. मग बांधावर वहाणा काढल्या आणि तो अनवाणी वाफ्यात उतरला.

"तू बस तिथं," तो म्हणाला. "मी पसरवतो. अन् पुढच्या महिन्याची गाडी सांगून ठेवजो."