पट्टा उतरवलेले पायडल

मी एक जुने पायडल आहे, मित्रांनो. शिलाई मशीनच्या खाली झुलणारे. वर बसलेल्याचा चेहरा मला दिसत नाही. मला पाऊल कळते. त्या शेवटच्या साध्यासुध्या दुपारी आमच्या शिंपी मास्तरांचे पाऊल माझ्यावर आले. थरथरत होते, पण आले. आधी टाच दाबली, मग पंजा. मी कुरकुरले.

तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. "बाबा! पाय वर घ्या आधी. स्टुलावर."

"अगं, जरा हलवतोय. व्यायामाच्या ताईंनीच सांगितलंय ना?"

"दुखतंय की नाही? मग राहू द्या. बसा आरामात."

पाऊल उचलले गेले. ते पुन्हा आले नाही.

मी ओतीव लोखंडाचे. साच्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर वेलबुट्टी होती. मास्तरांच्या तळव्याने ती गुळगुळीत केली. किती गणवेश, किती पडदे, किती उशांचे अभ्रे आम्ही दोघांनी शिवले! समोरचा न्हावी म्हणायचा, "मास्तर, तुमची खडखड थांबली की माझा वस्तरा चुकतो." लेक लहान असताना माझ्यावर बसून झोके घ्यायची. मास्तर वरून ओरडायचे, "ऊठ गं बाई, माझं इंजिन बंद पाडलंस!"

ती मोठी झाली, नोकरीला लागली आणि एक दिवस मशीनला लावायची विजेची मोटर घेऊन आली. "जन्मभर पाय मारलेत. आता नुसतं बसायचं." वरचे चाक फिरवणारा माझा चामडी पट्टा उतरला. मास्तर येईल त्याला मोटर दाखवायचे. माझ्यावर चपला आल्या. शेजारी ते पाऊल तासन्‌तास दगडासारखे पडून असायचे. टाचेमागची जाड शीर, जी माझ्या प्रत्येक झोक्याला ताणायची आणि सैलावायची, ती मुकी झाली.

एकदा गिऱ्हाईक पिशवी विसरून गेले. मास्तर हाका मारत उठून धावले, आणि उंबऱ्यात जाड दोरा तुटावा तसा आवाज झाला. ते मागे वळून म्हणाले, "दगड कुणी मारला रे?" मागे कोणीच नव्हते. शीर तुटली होती.

ऑपरेशन झाले, प्लास्टर झाले. प्लास्टर निघाल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या ताई घरी येऊ लागल्या. त्यांनी समजावले, "ही रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी आहे; तिला मुळातच रक्त कमी. पाय चालला, तिच्यावर ताण आला, की तिच्यात रक्त खेळतं. आतले जुने तंतू मोडतात आणि नवे तयार होतात."

"म्हणजे उसवायचं आणि शिवायचं. आमचाच धंदा!" मास्तर हसले.

"अगदी. फक्त उसवणं आधी होतं, शिवण मागून येते. म्हणून व्यायामानंतर विसावा हवा. पण नुसता विसावा दिलात, तर ती आणखी कमजोर होईल. थोडं दुखेल. हे पायडल आहे ना, यावरच रोज हळूहळू सुरू करा."

"बरोबर आहे. कपाटात ठेवलेलं कापडसुद्धा घडीवरच विरतं," मास्तर म्हणाले. त्यांना माझ्यावर परत यायचे होते. लेकीने माझ्यावरच्या चपला काढल्या. तिनेही सगळे ऐकले होते. पण पाऊल टेकले की वर मास्तरांचा श्वास अडायचा, आणि ते तिला बघवत नसे.

पाय स्टुलावर घेतला त्या दुपारनंतरच्या सकाळी त्यांना दम लागला. पायात रक्ताची गाठ झाली होती, ती फुप्फुसात गेली, आणि त्यातच मास्तर गेले. डॉक्टर म्हणाले, "अशा दुखण्यात होतं कधी कधी. तुमची काही चूक नाही." लेकीने मान हलवली. ऐकले की नाही, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, शेवटी काहीतरी शिकवून जायची आत्मकथा सांगणाऱ्या आम्हा वस्तूंची रीत आहे. माझ्याकडे फार काही नाही. आपल्या माणसाला जपा, पण जपता जपता त्याची घडी घालू नका. हे मी सांगते आहे खरे. ज्यांच्या उपयोगी पडले असते ते आता या खोलीत नाहीत.

काल लेक आली. मोटरची वायर काढून गुंडाळली. खुर्ची ओढून मशीनपाशी बसली आणि अनवाणी पाऊल माझ्यावर ठेवले. वजन तिचे, पण टाच त्यांचीच, रुंद. मी खाली गेले, वर आले. पट्टा नव्हता, वरचे चाक जागचे हलले नाही. ती दाबत राहिली, आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली,

"उठा, बाबा. दुखू दे थोडं. उठा."