चौथा ठोका

"नंबर घासून टाका, मेस्तरी. आणि आजच्या आज बोलतं करा याला," असं म्हणत सार्दिनानं खांद्यावरचं इंजिन बाकावर ठेवलं. अंगानं काटकुळा असलेल्या या पोरगेल्या इसमाचं खरं नाव नदीवर कोणी विचारलं नव्हतं. शाळेचं दप्तर अडकवावं तशी बंदूक त्याच्या पाठीवर लोंबत होती. त्याचा सोबती खाली लांब होडीत बसून आंबा चोखत होता.

एवेलिओ रियास्कोसनं हात पुसले. तीस वर्षं तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करत होता. नदीच्या काठी, खांबांवर उभ्या असलेल्या या फळ्यांच्या खोलीत त्यानं सैन्याची इंजिनं उघडली होती, डोंगरातल्या बंडवाल्यांची उघडली होती, आणि आता रात्रीचा माल समुद्रापर्यंत पोचवणाऱ्या या लोकांचीही उघडत होता. बोगोताच्या रेडिओनं शांतता झाल्याचं सांगून बरीच वर्षं झाली होती. नदीवर फक्त बंदुकांचे धनी बदलले होते.

इंजिनाच्या कव्हरला काळा रंग नुकताच फासला होता. अंगठा लावला तर चिकटत होता. एवेलिओनं कव्हर उचललं. आत गाळ होता, मऊ, करडा, नदीच्या तळाचा. त्या गाळात बोटाच्या पेराएवढी एक कोळंबी वाळून पांढरी झाली होती.

"किती दिवस पाण्यात होतं?"

"इंजिनाला ताप आलाय का बघा, मेस्तरी. कुठं पोहायला गेलं होतं ते नका विचारू."

"गाळ किती आत गेलाय ते कळायला हवं."

"आठवडाभर. जास्त नाही." सार्दिना हसला. "नदीनं दिलं, आम्ही घेतलं. तुमच्याकडं असंच म्हणतात ना?"

एवेलिओनं एकेक भाग सोडवून पेट्रोलच्या थाळीत टाकला. शेवटी त्यानं झडपेची चौकट बाहेर काढली आणि त्याचे हात थांबले. चौकटीतलं एक पातं कारखान्याचं नव्हतं. ते माशाच्या डब्याच्या पत्र्याचं होतं, कात्रीनं कापलेलं, कडा कानशीनं घासलेल्या. त्याच्या एका बाजूला छापील माशाची निळी शेपटी अजून दिसत होती.

दोन वर्षांपूर्वी हे पातं त्यानंच कापलं होतं. त्या वेळी शेजारी उभा राहून प्लासिदो कुएरो म्हणाला होता, "मासाच घातलास ना आत? मग पोहेल चांगलं!"

कच्ची केळी आणि माणसं वाहणारा प्लासिदो एकेचाळीस दिवसांपूर्वी नदीच्या मुखाकडं गेला होता. मुखाशी त्याला कोणी माल न्यायला लावला, की त्यानं तो न्यायला नकार दिला, हे कोणाला ठाऊक नव्हतं. तो परतला नव्हता, एवढंच खरं. ना होडी मिळाली होती, ना तो.

पलीकडच्या काठावर, बरोबर समोर, त्याची बायको नीडिया राहत होती. तिच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी एवेलिओनं हातांवर धरलं होतं. तेव्हापासून ती त्याला कोंपाद्रे म्हणे आणि तो तिला कोमाद्रे. मुलगी आता दूर शहरात नोकरीला होती. नीडिया दर दोन दिवसांनी वल्हं मारत इकडं येई आणि एकच गोष्ट विचारी.

"कोंपाद्रे, तुमच्याकडं सगळ्या नदीची इंजिनं येतात. काही ऐकलंत?"

"नाही, कोमाद्रे."

"मग मी पाणी मांडू की नको, ते तरी सांगा. जिवंत असेल आणि मी मांडलं, तर मीच त्याला पाय धरून खाली ओढल्यासारखं होईल. आणि गेला असेल आणि नाही मांडलं, तर तो फिरत राहील. परवा संध्याकाळी जेवायच्या वेळी दारातली फळी वाजली. पायांचे ओले ठसे होते. उंबऱ्यापर्यंतच होते. आत आले नाहीत."

"भरती मोठी होती, कोमाद्रे."

"पाण्याला पाचपाच बोटं असतात का, कोंपाद्रे?"

मेलेल्यासाठी नऊ संध्याकाळी बायका जमून गात. वेदीवर पाण्याचा पेला ठेवत आणि त्यात कापूस सोडत, म्हणजे वाटेला लागलेल्या जिवाला घोट घेता येई. नवव्या दिवशी दारातून सगळे बाजूला सरत आणि त्याला वाट देत. पण यातलं काहीही खात्रीशिवाय करायचं नाही, असा नदीचा नियम होता. नीडिया त्या नियमाच्या उंबऱ्यावर एकेचाळीस दिवस उभी होती, ना आत ना बाहेर.

एवेलिओनं पातं पुसून पुन्हा जागेवर बसवलं. नंबर घासला. कानशीच्या आवाजात त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता, ते बरंच होतं. मग इंजिन पाण्यानं भरलेल्या पिंपावर टांगून त्यानं दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला ते बोललं. तीन ठोके दिले, चौथा गिळला. पुन्हा तीन ठोके, पुन्हा चौथा गिळला. संथ चालीत ते नेहमीच असं चाले.

दोन वर्षं एवेलिओ म्हणत होता, "अरे, नवीन पातं आणून ठेवलंय, बसव की." आणि प्लासिदो म्हणे, "राहू दे. माझी बाई ही उचकी ऐकून भात टाकते. धक्क्याला लागेपर्यंत शिजलेला असतो. तुझ्या नव्या पात्यापायी मी उपाशी राहू?"

आवाज पाण्यावरून पलीकडं गेला. ओहोटीची दुपार होती आणि वारा अजिबात नव्हता. एवेलिओनं मान वर केली. समोरच्या झोपडीच्या छपरातून धूर निघू लागला होता. आधी एक धागा, मग जाडसर, निळसर.

त्यानं चटकन इंजिन बंद केलं. धूर निघतच राहिला.

"हे मध्येच गप्प काय होतं?" सार्दिनानं विचारलं. "उचकी कसली ही?"

"एक पातं गेलंय."

"मग बदला."

नवं पातं बाकाच्या खणात होतं, तेलकट कागदात गुंडाळलेलं. दहा मिनिटांचं काम. तेवढं केलं की हे इंजिन नदीवरच्या चाळीस इंजिनांसारखं होणार होतं. नीडियाला आत्ताचा आवाज भास वाटला असता, आणि ती म्हातारी होईपर्यंत दर संध्याकाळी फळी वाजायची वाट बघत राहिली असती. सांगून टाकावं, तर गेल्या वर्षी एका नावाड्यानं आपण काय पाहिलं ते सांगितलं होतं. दुसऱ्या सकाळी नाव होती, नावाडी नव्हता. तोंडातून गेलेल्या शब्दाला धनी असतो. इंजिनाच्या आवाजाला नसतो.

पण धुराकडं बघताना त्याला वाटलं, ती भात घेऊन धक्क्यावर उतरेल. ती आनंदानं उतरेल. हे आपण तिच्याशी करायचं?

सार्दिना बाकाला टेकला होता आणि खणाच्या कडीशी सहज चाळा करत होता. कडी वाजत होती.

"पातं नाही माझ्याकडं," एवेलिओ म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "बंदरातून मागवावं लागेल. दहा दिवस."

"तोवर?"

"तोवर असंच चालेल. वेग घेतला की उचकी थांबते."

सार्दिनानं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग कडी सोडली. "मेस्तरी, तुमच्यासारख्या माणसानं उचक्या घेणारं काम द्यावं? लाज नाही वाटत?"

"वाटते," एवेलिओ म्हणाला.

ओहोटीत पाण्याची एकच खोल वाट उरते, आणि ती नीडियाच्या धक्क्याला घासून जाते. तिथं होडी हळूच न्यावी लागते. इंजिन होडीला लावून सार्दिना निघाला, तेव्हा एवेलिओ दारात उभा राहिला. तीन ठोके आणि एक गप्प, तीन ठोके आणि एक गप्प, असं करत होडी पलीकडच्या काठाकडं सरकली.

नीडिया पायऱ्या उतरून आली. तिनं धुतलेला पिवळा झगा घातला होता आणि हातात झाकलेली थाळी होती. होडी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली. सार्दिनानं टोपीला बोट लावून तिला नमस्कार केला. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती काळ्या रंगाच्या इंजिनाकडं बघत होती. ते वळणाआड जाईपर्यंत, आणि त्यानंतरही.

मग तिनं नदीपलीकडं, एवेलिओकडं पाहिलं.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली.

खाली वाकून तिनं थाळीतला भात पाण्यात सोडला, थाळी नदीतच विसळली आणि वर गेली. थोड्या वेळानं छपरातला धूर एकदम पांढरा झाला आणि थांबला. तिनं चुलीवर पाणी ओतलं होतं. सूर्य झाडांना टेकायच्या आत तिच्या खिडकीत पाण्याचा पेला दिसू लागला.

आठ संध्याकाळी बायका गायल्या. एवेलिओ रोज वल्ह्यानं पलीकडं जाई. इंजिनं दुरुस्त करणारा माणूस वल्हं का मारतो, असं कोणी विचारलं नाही. पेल्यातलं पाणी दर सकाळी बोटभर उतरलेलं असे. हवा दमट होती, तरी उतरत असे. नवव्या संध्याकाळी वेदी उतरवली, मेणबत्त्या विझवल्या आणि सगळे दारातून दोन्ही बाजूंना सरले. मधली फळी एकदा खाली दबून वर आली. कोणाचाही पाय तिच्यावर नव्हता. नीडिया म्हणाली, "जा. भात झालाय म्हणून थांबू नकोस." इतकंच.

दहाव्या दिवशी सार्दिना इंजिन घेऊन आला.

"आलं पातं?"

"आलं."

एवेलिओनं खण उघडला. सार्दिना पलीकडच्या काठाकडं बघत होता. "नऊ दिवस गाणं चाललं होतं तिकडं. प्रेत मिळालं का?"

"नाही."

"मग कळलं कसं?"

पाना फिरवता फिरवता एवेलिओ म्हणाला, "बायकांना कळतं."

सार्दिनाच्या चेहऱ्यावरचं हसू जरा रेंगाळलं, मग गेलं. त्यानं हळूच कपाळ, छाती, खांदे अशी क्रूसाची खूण केली, कोणी पाहिलं का ते पाहिलं, आणि इंजिन उचलून निघून गेला. वळणावर ते एकसारखं गुणगुणत गेलं. नदीवरच्या कोणत्याही इंजिनासारखं.

पत्र्याचं पातं बाकावर राहिलं होतं. एवेलिओनं ते पेट्रोलनं स्वच्छ धुतलं, माशाची निळी शेपटी न खरवडता पुसली आणि काड्यापेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफनभूमीवर खड्डा खणायला चार माणसं आली. एवेलिओनं दिलेली ती काड्यापेटी नीडियानं दुमडलेल्या रुमालात धरली होती. त्या पेटीला ओंजळभर माती उकरली असती तरी पुरली असती. पण त्या चौघांना एकच माप माहीत होतं. त्यांनी पुरुषभर लांब, छातीभर खोल खड्डा खणला, त्याच्या बाजू फावड्यानं सरळ केल्या, आणि मग ते टोप्या काढून बाजूला उभे राहिले.